आत्याचा चिकटकागद

आमच्या घरात चुलीवर सरस चढला की नेऱ्याच्या वेशीवरची कुत्री उठून मारुंजीला पाहुणी जात आणि वास बसला की परत येत. यात माझ्या पदरची भर असेल तर ती एखाद्या कुत्र्याचीच, जास्त नाही. वास कसा होता ते सांगायचं तर असं समजा, की ओल्या गोठ्यात विसरलेली जुनी वहाण आहे, तिच्यावर नासलेलं दूध सांडलंय, आणि ते सगळं कुणीतरी मंद आचेवर प्रेमाने ढवळतंय. सरस म्हणजे सुतार लाकूड सांधायला वापरतात तो. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेल्या, काळ्या गुळासारख्या दिसणाऱ्या त्याच्या वड्या असतात. त्या पाण्यात भिजत घातल्या की फुगून बेडकाच्या पोटासारख्या लिबलिबीत होतात. इतर बायका बालपणीच्या वासांबद्दल लिहितात तेव्हा मोगरा, कैरी, ओली माती असलं काय काय येतं. माझ्या बालपणाचा वास हा. तो कुणाला हवा असेल तर मी फुकट देईन, वर ओवाळणीही घालीन.

सरस शिजवायची ती गोदाआत्या. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची ही थोरली बहीण नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि आल्या दिवसापासून घर तिचं झालं. दादा बाहेर गावकीत मोठमोठ्याने बोलत, पण उंबऱ्याच्या आत आले की आत्याला विचारून खोकत. आईने तर तिच्यापुढे कधी पूर्ण वाक्यच केलं नाही. आत्या वाईट नव्हती. पण दुकानात मिळणारी कुठलीही वस्तू दिसली की ती हातात घेऊन उलटी-पालटी करायची, हुंगायची, कधी चाटायची, आणि म्हणायची, "ह्यात काय हाय? हे मी घरात करते." दंतमंजन तिने घरात केलं, त्याने आमच्या हिरड्या आठवडाभर जांभळ्या होत्या. साबण केला, तो फेसाऐवजी चिखल द्यायचा. आणि मग तिने चिकटकागद केला.

तो कागद मुळात घरात आणला माझ्या ताईने. सुमनताई माझ्याहून बरीच मोठी. ती चिंचवडला भरतकामाच्या क्लासला जायची, आणि शाळांचे बिल्ले, उशांचे अभ्रे, लोकांच्या साड्यांचे काठ भरून भरून तिने स्वतःच्या हिमतीवर एक मशीन घेतलं होतं. पायाने मारायचं, सुई डावी-उजवीकडे नाचणारं. पडवीत खिडकीखाली ते उभं असायचं आणि चालू झालं की भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांशी भांडायला लागत. आई म्हणायची की ताई त्या मशीनशी जितकं बोलते तितकं आमच्याशी बोलत नाही. हे खरं होतं. तिच्या पायाला त्या पायट्याची इतकी सवय झाली होती की जेवायला बसली तरी तिचा पाय ताटाखाली हलत असे आणि आमटी डुचमळत असे.

भरतकाम करणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पातळ कापडावर टाका दाट पडला की कापड आकसतं, फुलाभोवती चुण्या पडतात, आणि मोराचा गळा जख्ख म्हातारीच्या गळ्यासारखा दिसायला लागतो. म्हणून कापडाच्या उलट्या अंगाला एक कागद इस्त्रीने चिकटवतात. त्याला फ्युजिंग म्हणतात, पण आमच्याकडे इस्त्रीचा कागद हेच नाव पडलं. ना धड कागद, ना धड कापड. एका बाजूला बोटांना साखरेसारखे बारीक दाणे लागतात, ते चिकटाचे. दाण्यांची बाजू कापडाकडे, वरून ओलसर फडकं, आणि मग इस्त्री घासायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. निवलं की कापड कसं ताठ होतं. मग त्याला लाकडी रिंगमध्ये घालून हाताने भरा नाहीतर मशीनखाली सारा, चुणीचं नाव नाही. काम झालं की जादाचा कागद टाक्यांच्या कडेने फाडून टाकायचा. एवढी साधी गोष्ट. ताईने क्लासहून एक ताव आणला, बुट्टा भरून दाखवला, आणि आत्याने उरलेला तुकडा उचलून दाण्यांवरून जीभ फिरवली.

"चिकाट लावल्यालं कागूद हाय नुसतं," ती म्हणाली. "हे मी घरात करते."

"आत्या, ते वेगळं असतंय. त्याचं माप असतंय, ताप असतोय," ताई म्हणाली.

"मला ताप नको सांगू. तुज्या बापाला लहानपनी ताप भरायचा तवा उशाला मीच बसल्याली."

दुसऱ्या दिवशी आत्या सुतारनेटातून, म्हणजे गावच्या सुताराच्या छपरातून, सरसाच्या वड्या घेऊन आली.

कृती सांगते, म्हणजे कुणी चुकूनही करायला नको. वड्या भिजवायच्या. पातेल्यात घालून चुलीवर चढवायच्या, आणि आईची आमटी शेजारच्या वैलावर शिजत असतानाच चढवायच्या. काथ्याच्या कुंच्याने तो रस वर्तमानपत्राच्या रद्दीवर फासायचा. मग ते कागद अंगणातल्या दोरीवर, पापड-कुरडयांच्या वर, वाळत घालायचे. त्यातून टपकणारे थेंब खाली कुरडयांवर पडायचे ते वेगळंच. आणि माश्या. नेरे, जांबे, मारुंजी, सगळ्या शिवारातल्या माश्यांना आमच्या दोरीचं आवतण जायचं. त्या येऊन कागदावर बसत आणि तिथेच राहत. पंख फडफडत, मग फडफड थांबे. आत्या त्या निवडून काढायची नाही. "इस्त्रीखाली बारीक व्हत्यात," म्हणायची. आणि खरंच व्हायच्या. कोळशाची पितळी इस्त्री फिरली की आधी चर्र आवाज यायचा, मग वाफ, मग तो वास, आणि मग कापडाच्या सुलट बाजूला, नेमकं कमळाच्या पाकळीत, माशीचा एक पाय उमटलेला दिसायचा. मी त्या वयात दुधावरची साय पाहिली तरी मला दोरीवरचे कागद आठवून उमळून यायचं. आजही खीर खाताना मी वेलदोड्याचा काळा दाणा दिसला की आधी त्याला पाय आहेत का ते बघते.

झुरळांची तर चैन होती. रात्रभर कागद कुरतडून ती इतकी माजली की त्यांच्या पावलांचा आवाज यायचा. मांजर एकदा वाळत्या कागदावर झोपलं ते अंगावर बाजारभावाचं पान घेऊनच उठलं, आणि केस झडेपर्यंत गावभर कांद्याचे दर दाखवत फिरलं. दादांनी एकदा घाईत चुकीच्या पातेल्यात पळी घातली आणि भातावर सरस वाढून घेतला. दोन घास गेल्यावर ते चावायचे थांबले. आत्या म्हणाली, "मीठ कमी हाय का?" दादांनी नुसती मान हलवली, कारण तोंड उघडत नव्हतं. संध्याकाळपर्यंत घरात इतकी शांतता होती की आईला तिची गोडी लागली.

आता वरच्या मजल्यावर माझ्याकडे भाड्याने राहणारी कंपनीतली एक मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर बघून बघून रिंगमध्ये फुलं भरते. परवा धावत खाली आली, हातात तिची इस्त्री, तिच्या तळाला तपकिरी चिकट फासलेलं. "मावशी, ये स्टॅबिलायझर कपड़े को नहीं, आयर्न को ही चिपक गया." मी म्हटलं, बाई, दाण्यांची बाजू वर ठेवलीस. इस्त्री गरम असतानाच सुती फडक्यावर मीठ घालून घासायला सांगितलं. ती म्हणाली, किती छान वास येतो ना नवीन शीटला. मी दार लावून घेतलं. काही लोकांना बालपण मिळतं, काहींना नाही.

तर, त्या सरसाच्या दिवसांतच ताईला जांब्याचं स्थळ आलं. मुलगा बरा होता, नोकरीला होता, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गप्प होता. बोलायची ती त्याची आई. या विहीणबाई अंगाने भरभक्कम, स्वभावाने त्याहून भक्कम. गळ्यात तुळशीची माळ, खाण्यापिण्याचं सोवळं असं की आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा चहाच्या कपाला आधी पदराने पुसून मग हुंगून बघितलं. पण एक होतं, गोधड्या शिवण्यात त्यांचा हात पंचक्रोशीत धरणारं कुणी नव्हतं. जांब्यात लेकरू जन्माला आलं की कुंची आणि दुपटं यांच्याकडचं. त्यामुळे सुईबद्दल त्यांचं मत हे मत नसे, निकाल असे.

सुपारीच्या बैठकीत मानपान, आहेर, पंगती, सगळं सुरळीत ठरलं. पानसुपारी फिरली. आणि मग माजघराच्या दारातून ताई बोलली. मुलगी बैठकीत बोलते हेच आधी नवल.

"माझं मशीन मला संगं न्यायचंय. तिकडं मी काम करनार."

आईने डोळे मिटले. आत्याने तिला आत ओढलं, पण शब्द बाहेर पडला होता. विहीणबाईंनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"मशीन म्हंजे ते खडखड करतंय ते? आमच्यात सुनंनं दुकान मांडायची रीत न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर तुजा हात कसा हाय ते तर बगू दे. मशीनीवर कुनीबी भरतंय. लग्नात माज्या पायघड्या तू हातानं भर. येक टाकाबी मशीनीचा नको. मनाला आलं तर मशीनीचं बोलू. न्हाई आलं तर तो इषय त्याच दिवशी मिटला."

पायघड्या म्हणजे लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत विहिणीसाठी अंथरतात त्या. आधी नवरीची आई तिचे पाय धुते, मग त्या कापडावरून तिला मानाने आत नेतात. कुणाकडे साड्या अंथरतात, कुणाकडे धोतरं. भरलेल्या पायघड्या कुणी ऐकल्या नव्हत्या. पण ताईने मान हलवली. एका लांब पांढऱ्या कापडावर तिचं सगळं पुढचं आयुष्य अंथरलं गेलं होतं, आणि त्यावर एका जाड्या बाईचे पाय पडायचे होते.

ताईने ते कापड आधी धुऊन घेतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा धुतलं, म्हणजे जेवढं आटायचं तेवढं आटून जावं. आत्याचा कागद तिने जवळ येऊ दिला नाही. रिंग इतकी घट्ट आवळायची की कापडावर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज यावा, आणि दोरा इतका अलगद ओढायची की कापडाला कळूही नये. मोर, कमळं, आंब्याच्या कोयऱ्या, मधे वेली. मोराच्या मानेला तिने निळ्यातून हिरवा असा काही काढला होता की आमचा कोंबडा ते बघून दोन दिवस आरवला नाही, लाजला. आणि त्याहून भारी होती ती मागची बाजू. भरतकामाची पाठ बघायची सवय ज्यांना आहे त्यांना कळेल. गाठ नाही, लोंबता धागा नाही, एका फुलाहून दुसऱ्या फुलाकडे मारलेली उडी नाही. पुढे मोर तसा मागे मोर. मला आयुष्यात सुंदर म्हणता येईल अशा ज्या थोड्या गोष्टी आमच्या त्या घरात झाल्या, त्यांतली ही एक. तेव्हा अर्थातच तिच्यावर सरस पडणं भागच होतं.

हळदीच्या दिवशी ताई हळद लावून बसली होती, बायका गाणी म्हणत होत्या, पुरणाचा घमघमाट सुटला होता. त्या गडबडीत आत्या पडवीत गेली. तिने घडी उलगडली, हात फिरवला, आणि तिच्या मनात आलं की कापड फारच मऊ आहे. विहीणबाईंच्या पायाखाली सुरकुतेल, त्या अडखळतील, आणि नाव जाईल घराण्याचं. मग तिने दोरीवरचे सगळे कागद उतरवले आणि त्या पायघडीच्या पाठीला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोळशाच्या इस्त्रीने बसवून टाकले. तिच्या दृष्टीने तो तिचा आहेर होता. कुणाला सांगितलं नाही, कारण आहेर सांगून करत नाहीत.

मला कळलं ते लग्नादिवशी, वऱ्हाड मारुतीच्या देवळापासून निघाल्यावर. पायघडी अंथरायचं काम माझ्याकडे होतं. मी घडी उलगडली आणि ती पापडासारखी करकरली. खाली हात घातला तर बोटांना रद्दी लागली, आणि नाकाला तो वास. मी आईकडे पळाले. आईने एक टोक उचलून बघितलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "गप. वाजंत्री दारात आली." ताई आत गौरीहारापुढे बसली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

विहीणबाई आल्या. जरीची नऊवारी, नाकात नथ, पायांच्या बोटांत चांदीची जाड जोडवी. त्यांना पाटावर बसवलं. आईने परातीत त्यांचे पाय घेतले आणि मानाचं म्हणून कढत पाणी, त्यात दूध, असं भरभरून ओतलं. पाय पुसायचा मान करवली झालेल्या चुलतबहिणीचा, ती कुठे तरी हार शोधत होती. तेव्हा विहीणबाई ओल्या पायांनीच उठल्या आणि पहिल्या मोरावर उभ्या राहिल्या. त्यांच्या पायांचं ते दूध-पाणी कापडात जिरलं. खाली सरस जागा झाला.

त्या पुढचं पाऊल टाकणार एवढ्यात पौडहून आणलेला फोटोवाला म्हणाला, "बाई, हलू नका." आणि मग त्याचं यंत्र चालेना. त्याने ते हलवलं, फुंकलं, मांडीवर आपटलं. विहीणबाई आपल्या जागी, हसरा चेहरा धरून, निश्चल. वारं सुटलं होतं. सरसाचा गुण असा, की ऊब मिळाली की तो पातळ होऊन कापडातून वर येतो, आणि निवला की धरतो तो धरतोच. फोटोवाल्याने अखेर बटण दाबलं, हात वर केला, आणि विहीणबाईंनी पाऊल उचललं. म्हणजे उचलायला गेल्या.

"आगं, पाय निघंना माजा," त्या हळूच म्हणाल्या.

"लुगडं आडकलं आसंल, वन्सं," मागून त्यांची भावजय म्हणाली.

"लुगडं न्हाई. पाय आडकलाय. माजा पाय मला कळतो."

त्यांनी जोर लावला. उजवा पाय वर आला आणि त्याच्याबरोबर पायघडीही वर आली, आणि तिची पाठ सगळ्या मांडवाला दिसली. त्या पाठीवर, वर्तमानपत्रातल्या मोठ्या ठळक अक्षरांत, मूळव्याधीवर बिनकापाचा खात्रीचा इलाज छापलेला होता. आमचे एक चुलते होते, त्यांना छापील दिसलं की मोठ्याने वाचायची खोड होती. त्यांनी वाचलं. पत्त्यासकट. शेजारचा सुतार पुढे वाकला, नाकाने हुंगलं आणि म्हणाला, "सरस हाय. चांगला जुना हाय." सरस कशाचा असतो ते तो सांगायच्या आत दादांनी त्याला दंडाला धरून पंगतीकडे नेलं. माळकरी बाईला ते त्या दिवशी कळलं असतं तर आज जांबे आणि नेरे यांच्या मधे कुंपण असतं.

विहीणबाईंनी पाय परत खाली ठेवला, तो आणखी घट्ट बसला. त्यांच्या कपाळावर घाम, नाकाशी पदर.

"मला रद्दीवर उबं केलं व्हय," त्या म्हणाल्या. आवाज वाढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "आन रद्दी का लावली तेबी कळतंय मला. काम मशीनीचं हाय. पाट दिसू न्हाई म्हून कागूद डकवला. हाताचं आसतं तर पाट झाकली नसती. झालं, मिटलं. मशीनीचं नाव आता कुनी काडायचं न्हाई."

"रद्दी न्हाई ती," आत्या पुढे होऊन म्हणाली. "इस्त्रीचा कागूद हाय. पुन्यात मिळतो तसलाच."

आईने आयुष्यात पहिल्यांदा आत्याला कोपराने ढोसलं.

हा गलका आत पोहोचला असणार, कारण मांडवाचा पडदा सरला आणि ताई बाहेर आली. गौरीहारापुढून उठून. मुंडावळ्या बांधलेल्या, हात हळदीने पिवळे, आणि नाकपुड्या फुगलेल्या. त्या वासाने की रागाने ते देव जाणे. भटजी काहीतरी म्हणाले ते तिने ऐकलं नाही. ती विहीणबाईंच्या पायाशी बसली, कापडाचं टोक उलटं करून बघितलं आणि क्षणभर आत्याकडे पाहिलं. त्या नजरेने सरससुद्धा वितळला असता. मग मला म्हणाली, "मंदे, कढत पानी आन. तांब्या भरून."

मी आणलं. तिने ते पायांवर नाही, आधी कापडाच्या पाठीवर ओतलं. ओढलं नाही, खरवडलं नाही. नुसता तळहात फिरवत राहिली. कागद मऊ झाला, आणि दुधावरून साय काढावी तसा तिने तो सोलला. खालून तपकिरी चिकट ओघळ, एखादी जुनी माशी, आणि त्या सगळ्या घाणीखालून शेजारच्या मोराची पाठ. तिने ती ओंजळीच्या पाण्याने धुतली आणि वर धरली.

"बगा."

विहीणबाई पोट आडवं येईल तिथपर्यंत वाकल्या. जांब्याच्या बायकांनी गोल केला. विहीणबाईंनी नखाने एक धागा उचलून पाहिला, मग दुसरा. मशीनच्या कामाला मागून बॉबिनचा वेगळा दोरा लागतो, तो लपत नाही. इथे तोच निळा, तोच हिरवा. गाठ शोधायला त्यांनी बोट थुंकीने ओलं करून सगळ्या मोरावर फिरवलं. गाठ काही सापडली नाही.

"हाताचं हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "माज्या आईचंबी येवडं सवच्छ नसायचं."

मांडवाने श्वास सोडला. वाजंत्रीवाल्याने पिपाणीला फुंकर घातली. ताईने खाली वाकून डाव्या पायाशी पाणी ओतलं, बोटांमधून, जोडव्यांखालून अंगठा फिरवला आणि तो पाय सोडवला. विहीणबाईंनी तो कोरड्या पाटावर ठेवला, ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाल्या, "आगं, येवडा हात आसताना तुला मशीन पायजे कशाला? हातानंच करीत जा की, घरच्यापुरतं. ते धूड ऱ्हाऊ दे हितंच. धाकटीला हुईल."

"व्हय व्हय, ऱ्हाऊ दे की," आई लगेच म्हणाली. "व्हय, ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. सगळ्यांचं सगळं मिटलं होतं. मशीन मला हवंय का ते कुणी विचारलं नव्हतं, पण माझंही मिटलं होतं.

ताईने तांब्या जमिनीवर ठेवला. ओले हात मांडीवर घेतले आणि तशीच बसून राहिली.

"मामी," ती म्हणाली. सासूला आमच्याकडे मामी म्हणतात, आणि हे तिने पहिल्यांदाच म्हटलं. "येक पाय सुटलाय."

"मंग दुसरा सोडव की."

"सोडवते. पर हाताचं काम हाय मामी. हाताचं काम लई सावकाश हुतंय."

विहीणबाईंनी तिच्याकडे खाली पाहिलं. "किती सावकाश?"

"आता बगा, हातानंच करायचं म्हटल्यावर सांज व्हईल. रात व्हईल. घाई केली तर कातडं निगतंय. मशीन आसलं की बिगीबिगी हुतंय, पर ते तर तुमी हितंच ठेवायला सांगताय."

मागे भटजींनी घड्याळाकडे बघून घसा खाकरला आणि मुहूर्ताबद्दल काहीतरी पुटपुटले. जांब्याच्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. विहीणबाई एका पायावर पाटावर आणि दुसऱ्या पायाने मोरावर, कमरेवर हात, अशा बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या गालाचा एक स्नायू हलत होता. तो राग होता की दुसरं काही, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"आमचा टेंपो कुटं हाय?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"चावडीपाशी," त्यांचा दीर म्हणाला. "का वैनी?"

"त्यात मशीनीला जागा करा. आदी मशीन. मंग उरंल तितं मानसं बसतील."

दोघा-चौघांनी पडवीतून मशीन उचललं. ताईने तांब्यात बोट घालून पाहिलं. पाणी निवलं होतं. "मंदे, पुन्हा तापवून आन," ती म्हणाली. मी तापवून आणलं, तिच्याजवळ ठेवलं, आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं, की मशीन टेंपोत चढून, दोरीने आवळून, विहीणबाईंच्या दिराने गाठ मारली असं ओरडून सांगेपर्यंत तिने त्या उजव्या पायाला हात लावला नाही.